लियाकत चहाला येत नाही

भोरमध्ये फुटबॉलचा क्लब आहे म्हटलं की पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच?" खरंच आहे. नीरा स्पोर्ट्स क्लब. पुण्याच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटात खेळतो, आणि त्याच्या खाली आणखी गट नाही म्हणून तिथंच राहतो. गेली दोन वर्षं तर असं चाललंय की आमची पोरं रविवारी सकाळी झुल्फिकारच्या ट्रॅव्हलरमध्ये बसून पुण्याला जातात, मार खातात, येताना कापूरहोळला उतरून वडापाव खातात आणि घरी येतात. वडापाव चांगला असतो. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

तक्रार बाकी सगळ्याची असते, आणि ती करायची जागा म्हणजे स्टँडमागच्या गल्लीतलं लियाकतचं कुशनचं दुकान. टेम्पोची, रिक्षाची, मोटारसायकलची सीट फाटली की लोक तिथं जातात. नवी शिवलेली सीट भिंतीला टेकवून ठेवलेली असते, तिच्यावर आम्ही बसतो. गिऱ्हाईकाच्या हातात पडते तोवर ती आमच्या चर्चेनं थोडी दबलेली असते. समोर माझं मेडिकल आहे. मी गोळ्या विकतो, लिहून देत नाही, तरी सगळे मला डॉक्टर म्हणतात आणि मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

लियाकतचे वडील टांग्याच्या गाद्या भरायचे. टांगे गेले, हा टेम्पोकडे वळला. तरुणपणी क्लबचा गोलकीपर होता. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत, तरी रेक्झीन कापताना त्याची रेघ हलत नाही. पण भोरात त्याचं नाव झालं ते हातामुळे नाही, तोंडामुळे. एखादा ड्रायव्हर शिव्या देत दुकानात शिरतो, सीटची शिलाई महिन्यात उसवली म्हणून. लियाकत त्याच्या म्हशीची चौकशी करतो, पोराच्या दहावीचं विचारतो, आणि तो ड्रायव्हर स्टेअरिंगचं नवं कव्हर बसवून हसत बाहेर पडतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मला त्याचा थोडा रागच येतो. माझ्याकडे गिऱ्हाईक हसत येतं आणि बिल बघून गप्प होऊन जातं.

याच गोड तोंडामुळे त्याच्या गळ्यात ते काम पडलं.

फार पूर्वी क्लबला एक कोच होते, शाळेत पीटी शिकवणारे. संघ सारखा हरायला लागला. कमिटीनं ठरवलं, सरांना सांगायचं की आता पुरे. पण सांगणार कोण? सर अर्ध्या कमिटीचे गुरुजी. शेवटी लियाकतला पाठवलं. लियाकत सकाळी त्यांच्या घरी गेला, चहा प्यायला, परसातल्या आंब्याला मोहर कसा आलाय ते बघितलं, सरांच्या गुडघ्याची विचारपूस केली आणि न बोलता परत आला. त्याच्यानं बोलवलंच नाही. दुपारी सरांचा पुतण्या आला आणि क्लबची शिट्टी अन् बॉलच्या खोलीची किल्ली दुकानात ठेवून गेला. सरांना कळलं होतं.

लोकांना वाटलं, काय मुत्सद्दी माणूस आहे. एक शब्द न बोलता काम केलं. तेव्हापासून आमच्या क्लबात रीतच पडली. कोच बदलायचा झाला की लियाकतनं त्याच्या घरी चहाला जायचं. फुटबॉलचं नाव काढायचं नाही. पाऊस, रस्ता, पोरंबाळं असं काहीबाही बोलायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी शिट्टी येते. कुणाचा अपमान नाही, कुणाची भांडणं नाहीत. बाहेरच्या देशात म्हणे मॅनेजरला काढतात तेव्हा पेपरात छापून येतं. आमच्याकडे फक्त एक कप जास्तीचा विसळावा लागतो.

एक कोच पानशेतचा होता. धरणाजवळ त्याचं हॉटेल, शनिवार-रविवार पुण्याची गर्दी. लियाकत मोटारसायकलवरून वेल्ह्यावरून पाबे घाट चढून-उतरून त्याच्याकडे गेला. गाडी स्टँडला लावतोय तोवर त्या माणसानं आत आवाज दिला, "दोन चहा टाक," आणि चहाबरोबरच शिट्टी आणून टेबलावर ठेवली. पिठलं-भाकरी खाऊ घातली, ती वेगळी. परत आल्यावर लियाकत दुपारभर मशीनवरून उठला नाही. झुल्फिकारनं विचारलं तर म्हणाला, "लई चांगला मानूस हाय रं त्यो," आणि पुन्हा पायडल मारायला लागला.

याची किंमत त्याला चुकवावी लागलीच. सगळ्या गावात त्याच्या चहाची दहशत बसली. बँकेतला शिपाई असो की पतपेढीचा चेअरमन, लियाकत दारात दिसला की आधी चेहरा पडायचा. पोरं एकमेकांना दम द्यायची, "गप बस, न्हाई तर लियाकतभाईला चहाला पाठवीन." त्याची बायको साबिरा एकदा मेडिकलमध्ये आली होती, तेव्हा मला म्हणाली, "डॉक्टर, ह्यांच्या चहापायी माजीबी बोलावणी बंद झाली. हळदीकुंकवाला गेले तरी बाया इचारत्यात, काय काम काढलंत म्हनून." ती हसत होती, पण ते नुसतं हसण्यावारी नव्हतं.

रीतीला दुसरी बाजूही होती. कोचनं आपणहून सोडायचं नाही. किकवीचा एक कोच भर हंगामात नोकरी लागली म्हणून शिट्टी पोराच्या हाती देऊन निघून गेला. चांगली नोकरी होती, गेला तर गेला. पण त्याचं नाव आमच्याकडे परत कुणी घेतलं नाही. त्याला आम्ही 'पळपुटा' म्हणतो. आजही म्हणतो. हे नाव ठेवलं उपेंद्रनं.

उपेंद्र म्हणजे लियाकतचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एका बाकावर, दोघं एका संघात. हा गोलमध्ये, तो त्याच्या पुढे राइट बॅक. उपेंद्र पुढे भूमी अभिलेख कार्यालयात चिकटला, तिथूनच रिटायर झाला. राजवाड्यामागच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहतो. मुलगी शुभ्रा लग्न होऊन बेंगळुरूला. घरात तो आणि त्याची बायको नलू. नलूवहिनी लियाकतला भाऊजी म्हणते. गणपतीत पहिला मोदक लियाकतच्या पानात पडायचा आणि ईदला लियाकत स्वतः शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचा, तो दोन तासांनी परतायचा.

तीन वर्षांपूर्वी कोच व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा उपेंद्र तयार झाला. त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद लियाकतला झाला, आणि त्याच दिवसापासून त्यानं उपेंद्रच्या घरी जाणं बंद केलं.

कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच ठरवलं. "म्या त्याच्या दारात गेलो की त्याला काय वाटंल?" एवढंच मला म्हणाला. मोदक दुकानात यायला लागले. ईदचा डबा त्याची मुलगी अम्रीन नेऊन द्यायला लागली. दोघं ग्राउंडवर भेटायचे, दुकानात भेटायचे, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायचे. पण उपेंद्रच्या घराची पायरी लियाकत चढला नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षापासून हरायला सुरुवात झाली आणि या हंगामात तर कहर झाला. सोमवारी सकाळी दुकान उघडलं की कमिटीची सुनावणी सुरू. रखमाजीनाना वयानं मोठे. एसटीत कंडक्टर होते, आता दिवसभर मोकळे असतात. झुल्फिकार ट्रॅव्हलरचा मालक, म्हणजे प्रत्येक पराभवाला स्वतः गाडी चालवत नेणारा. आणि स्वरूप, पतपेढीतला क्लार्क, जो रात्री जागून मोबाईलवर विलायती मॅच बघतो आणि सकाळी आम्हाला शिकवतो.

"पझेशन आपलंच जास्त होतं काल," स्वरूप म्हणायचा. "बॉल बहुतेक वेळ आपल्याकडेच होता."

"बॉल आपल्यापाशी व्हता म्हंतोस," नाना म्हणायचे, "मंग त्येंनी गोल कशानं केलं?"

"फॉर्मेशन चुकतंय नाना. चार-तीन-तीन खेळवायला पाहिजे. मॅनेजरचं डोकं त्यात दिसतं."

"मॅनेजर बँकेत असतोय. आपला कोच हाय."

"आरं पन गाडीत पोरं बसत्यात नऊ," झुल्फिकार मध्ये पडायचा. "म्या मोजून नेतोय. तुजं चार-तीन-तीन कुठनं आणायचं?"

मग जुन्या कोचांची उजळणी व्हायची. पानशेतवाला बरा होता. पीटीचे सर तर देवमाणूस. शिस्त होती तेव्हा. मी एकदाच म्हणालो की त्यांना आपणच घालवलं, याच सीटवर बसून. तेव्हा नानांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी औषधाची डिलिव्हरी आल्याचं निमित्त करून उठलो. आमच्या क्लबात गेलेला कोच नेहमी चांगला असतो. असलेला कोच कधीच नसतो.

आणि मग सगळे लियाकतकडे बघायचे. तो मशीनवर वाकलेला.

"लियाकतभाई, बगा आता," झुल्फिकार म्हणायचा. "जाऊन या चहाला."

"उपेंद्रच्या हातात काय हाय?" लियाकत मान वर न करता म्हणायचा. "त्यो काय पोरांच्या बुटात पाय घालनार हाय का? ग्राउंड वलं हुतं. पोरं घसरत हुती."

पुढच्या सोमवारी ग्राउंड कोरडं असायचं, तेव्हा रेफ्री समोरच्या संघाचा पाहुणा निघायचा. त्याच्या पुढच्या सोमवारी आमचा सेंटर फॉरवर्ड बहिणीच्या साखरपुड्याला गेलेला. साखरपुडा झाला तर नवीन बूट चावत होते. मी हे सगळं समोरून ऐकायचो आणि मला वाटायचं, हा माणूस ज्या हुशारीनं गिऱ्हाईक वळवतो, ती सगळी हुशारी आता एका मित्रासाठी खर्च करतोय. दर आठवड्याला थोडी थोडी संपतेय. नाना आधी हसून सोडून द्यायचे, मग कुरकुरायला लागले, आणि पुढे पुढे लियाकतच्या तोंडावर म्हणायला लागले, "तुजा दोस्त हाय म्हनून आमी क्लब बुडवायचा का?"

दिवाळीनंतर नलूवहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुण्यात. घरी आल्या. साबिरा त्यांना दोनदा बघून आली आणि दोन्ही वेळा घरी येऊन नवऱ्यावर उखडली. "ती बाई इचारती, भाऊजी कुठं हाईत? मी काय सांगू? लाज वाटती मला."

लियाकतनं मला त्याचा बेत सांगितला. संघ एक मॅच जिंकला की त्याच दिवशी जायचं. जिंकलेल्या दिवशी गेलं तर उपेंद्रला भलतंसलतं वाटणार नाही, आणि कमिटीलाही वाटणार नाही. म्हणजे एका आजारी बाईला बघायला जायचं, तर आमच्या सेंटर फॉरवर्डनं गोल करायला पाहिजे. मला हे इतकं बावळटपणाचं वाटलं की मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमी चहाला कधी गेला न्हाई, म्हनून तुमास्नी कळत न्हाई."

एक रविवार तर असा आला की आम्ही शेवटपर्यंत पुढे होतो. लियाकतनं हाफटाइमलाच ग्राउंडबाहेर जाऊन मोसंबी घेतली आणि पिशवी गुडघ्यांत धरून बसला. शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांनी दोन गोल टाकले. मोसंबी आम्ही ट्रॅव्हलरमध्ये सोलून खाल्ली.

त्यात उपेंद्रचं एक नवीनच सुरू झालं होतं. मॅच संपली की तो लियाकतजवळ यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "अरे, एकदा घरी चहाला ये की." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सगळे चाट पडले. मग झुल्फिकारनं शिट्टी मारली. याला म्हणतात छाती. हरून वर स्वतःच चहाला बोलावतोय, हिंमत असेल तर काढा म्हणतोय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नानासुद्धा म्हणाले, "कोच कसा का आसंना, गडी वाघ हाय." लियाकत हसून म्हणायचा, "येतो की, येतो," आणि दुसरीकडे वळायचा. हे दर मॅचला. पुढे पुढे पोरं त्याची वाटच बघायला लागली.

संक्रांतीच्या सुमारास नलूवहिनी घरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पुन्हा पुणं, पुन्हा ऑपरेशन. उपेंद्र माझ्याकडून औषधं न्यायचा. "कशा आहेत?" म्हटलं की म्हणायचा, "आहे." रविवारी मात्र ट्रॅव्हलरमध्ये पुढच्या सीटवर तो हजर. आम्ही कौतुकानं म्हणायचो, घरी एवढं आजारपण आणि हा माणूस एक मॅच चुकवत नाही.

मार्चअखेर आम्ही सात-शून्यनं हरलो. सातवा गोल तर आमच्याच पोरानं आमच्याच जाळ्यात मारला, आणि कुणाला रागसुद्धा आला नाही. येताना कापूरहोळला गाडी थांबली, पण कुणी उतरलं नाही.

सोमवारी दुकानात स्वरूपनं फॉर्मेशनचं नाव काढलं नाही. नाना म्हणाले, "लियाकत, बास झालं. उद्या जा."

लियाकतनं मशीन थांबवलं. "म्या जाणार न्हाई, नाना. दुसरं कुनी जा."

"दुसरं कोन जानार? रीत तुजी हाय."

"मंग मोडली रीत."

"तू न्हाई गेलास तर आमी समदी जाऊ त्याच्या दारात," झुल्फिकार म्हणाला. "आन् तोंडावर सांगू. तुला बरं वाटंल त्ये?"

लियाकतनं हातातला रेक्झीनचा तुकडा घडी घालून बाजूला ठेवला. त्याचा चेहरा इतका थकलेला मी आधी पाहिला नव्हता. मग म्हणाला, "म्या वहिनींना बघाया जातो. लई उशीर झालाय तसाबी. क्लबचं काय बोलणार न्हाई, चहा घेनार न्हाई. तुमाला काय करायचं त्ये मंग करा." आणि माझ्याकडे वळून, "डॉक्टर, तुमी चला संगं. दोगं गेलो की त्यो चहा धरनार न्हाई."

"आणि चहा दिलाच तर?"

"रोजा हाय म्हनीन."

"ईद होऊन आठवडा झाला, लियाकत."

"मंग पित्त झालंय म्हनीन. तुमी मान हलवा, औषधवाले हाईत तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. दार उपेंद्रनंच उघडलं. खांद्यावर टॉवेल, हातात फरशी पुसायचं ओलं फडकं. लियाकतला बघून त्याचा चेहरा एकदम सैल पडला. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला बसायला मिळावं तसा. "आलास एकदाचा," तो म्हणाला.

"वहिनींना बघाया आलोय," लियाकत उंबऱ्याबाहेरूनच घाईनं म्हणाला. "नुसतं तेवढंच. दुसरं कायबी न्हाई."

उपेंद्रचा चेहरा पडला. मला स्पष्ट दिसलं, आणि मला त्याचा अर्थ लागेना.

नलूवहिनी खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. खूप वाळल्या होत्या. कोपऱ्यात वॉकर होता, त्याच्यावर धुतलेले कपडे वाळत टाकलेले, म्हणजे वॉकरचा उपयोग आता तेवढाच उरला होता. "या भाऊजी," त्या म्हणाल्या. "घर सापडलं का?"

लियाकत प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. ज्या माणसाला पानशेतपर्यंत कुठंही शब्द कमी पडला नाही, त्याला इथं काही सुचेना. "कसं हाय आता?" एवढंच म्हणाला.

"चहा टाकतो," उपेंद्र म्हणाला.

"नको नको. पित्त झालंय. इचार डॉक्टरास्नी."

मी मान हलवली.

उपेंद्र तिथंच उभा राहिला. "नुसतं हिला बघायला आलास?"

"खुदाकसम," लियाकत म्हणाला. "क्लबचं काय न्हाई. कोन काय बोलतं तिकडं ध्यान दिऊ नको. तू निर्धास्त ऱ्हा. म्या हाय तवर तुला कुनी हलवत न्हाई. गेली दोन वर्सं म्या एकटा लढतोय त्येंच्याशी, आजून लढंन."

उपेंद्र कॉटच्या कडेला खाली बसला. फडकं हातातच. "दिवाळीपासून तुला सांगतोय चहाला ये," तो म्हणाला. "दर रविवारी सांगतोय. किती वेळा सांगायचं माणसानं?"

लियाकतनं खुर्ची कॉटकडे ओढली.

"ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हाच मला सोडायचं होतं," उपेंद्र म्हणाला. "हिला उठवणं, चालवणं, व्यायाम, माणूस लागतं घरात. मला त्या क्लबाचा कंटाळा आलाय लियाकत. पोरांनाही माझा आलाय. पण आपणहून सोडलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? त्या किकवीच्याला मीच नाव ठेवलंय."

"मला सांगायचंस की मंग."

"कुठे सांगू? दुकानात, नानांसमोर? घरी तू येत नव्हतास. ग्राउंडवर म्हणायचो तर पोरं टाळ्या वाजवायची. आणि तू हसून निघून जायचास."

"मला वाटलं, तू मला धीर देतूस," लियाकत म्हणाला. "मला वाटलं, म्या तुला वाचवतोय."

"ते मला कळत होतं," उपेंद्र म्हणाला. "तू माझ्यासाठी त्यांच्याशी भांडतोस हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मग तुझ्या तोंडावर कसं म्हणणार, की बाबा, नको भांडूस?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मला तिथं नसायला हवं होतं. सोमवारी सकाळी ज्या गप्पांना मी हसत होतो, त्यांच्यात हसण्यासारखं काही नव्हतं असं मला फार जोरात वाटलं, आणि उठून जाताही येईना.

नलूवहिनी छताकडे बघत बोलत होत्या. "मदतीला एक बाई येत होती. त्या रविवारी ती आली नाही. हे निघत नव्हते, मीच म्हटलं जा, सगळे गाडीत खोळंबलेत. दुपारी बेल वाजली. मला वाटलं हेच आले. उठले." त्यांनी मांडीवरून हात फिरवला. "कुरिअरवाला होता म्हणे. वाट बघून गेला."

"कुठला रविवार?" लियाकतनं विचारलं.

"संक्रांतीच्या पुढचा," उपेंद्र म्हणाला. "आपण शेवटपर्यंत पुढे होतो, तो."

लियाकतनं दोन्ही हात तोंडावर घेतले. वाकत नसलेली ती दोन बोटं कपाळावर ताठ राहिली. तो रडला नाही. पण पुष्कळ वेळ त्यानं हात खाली केले नाहीत. शेवटी उपेंद्रच उठला आणि आत गेला. गॅस पेटल्याचा आवाज आला.

चहा आला. लियाकतनं कप घेतला. त्यानं आजवर जितके असे चहा घेतले, त्या सगळ्यांत तो बोलला होता आणि कोच गप्प बसले होते. आज उपेंद्र बोलत होता. शुभ्रा मे महिन्यात येणार आहे. नवा डॉक्टर म्हणतो, वर्षभरात आधार घेऊन उभ्या राहतील, बघू. सोसायटीत पाण्याचा त्रास आहे. लियाकत ऐकत होता आणि चहा पीत होता, आणि मला वाटतं तो इतका कडू चहा आयुष्यात प्यायला नसेल, साखर असूनसुद्धा. संपल्यावर उपेंद्रनं कपाटातून शिट्टी आणि बॉलच्या खोलीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. त्याला बरं वाटत होतं. ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"नानांना सांग, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं," तो म्हणाला.

आम्ही उठलो. लियाकत दारापर्यंत गेला आणि परत कॉटपाशी आला. "वहिनी, आता म्या येत जाईन," तो म्हणाला. "रोज येईन. साबिराबी यील. काय लागंल त्ये सांगत जा."

"या की," नलूवहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, नुसता थकवा होता. "भाऊजी, संक्रांतीच्या आधी आला असतात ना, तर आज दार मी उघडलं असतं."

"व्हय," लियाकत म्हणाला.